पोकलेन वाहून नेण्यासाठी कोणता ट्रेलर घ्यावा? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सरला की रस्ते, कालवे आणि खाणी यांची कामे पुन्हा सुरू होतात आणि महिनोन् महिने एका जागी उभी असलेली पोकलेन, रोलर, डोझर ही यंत्रे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलू लागतात. त्यामुळे या काळात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ट्रेलरविषयीची पत्रे अधिक असतात. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच असतो, तो म्हणजे दहा-बारा वर्षे टिकेल असा ट्रेलर कसा ओळखावा. या वेळी त्यांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांना लागणारा हिशेब त्यातच मांडला आहे.

प्रश्न : माझ्याकडे २१ टनांचे एक पोकलेन आणि ११ टनांचा एक रोलर आहे. कामे कराड, पाटण आणि चिपळूण या पट्ट्यात असतात. आजवर भाड्याच्या ट्रेलरवर भागवले. आता स्वतःचा घ्यायचा आहे. विक्रेते सपाट प्लॅटफॉर्म, सेमी लो-बेड आणि लो-बेड असे तीन प्रकार दाखवतात आणि प्रत्येक जण आपला ट्रेलर ‘४० टनी’ असल्याचे सांगतो. कोणता घ्यावा? (एक कंत्राटदार, कराड)

उत्तर : ‘४० टनी’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा. ट्रेलरची कायदेशीर क्षमता विक्रेत्याच्या सांगण्यावर ठरत नसून घोडा (ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन) आणि ट्रेलर यांच्या एकेका ॲक्सलवर किती भार चालतो यावर ठरते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा वाढवली. त्यानुसार पुढच्या दोन टायरांच्या ॲक्सलवर ७ टन, चार टायरांच्या एकेरी ॲक्सलवर ११.५ टन, जोड ॲक्सलवर २१ टन आणि तीन ॲक्सलच्या संचावर २७ टन भार चालतो. सहा चाकी घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर घेतला तर ७, ११.५ आणि २७ मिळून ४५.५ टन होतात. मागे जोड ॲक्सल असलेला दहा चाकी घोडा घेतला तर बेरीज ५५ टनांपर्यंत जाते. या आकड्यांत घोड्याचे आणि ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. सहा चाकी घोडा सुमारे ७ टनांचा आणि ट्रेलर सुमारे १० टनांचा धरला, तर मालासाठी साडेअठ्ठावीस टन उरतात. आपल्या २१ टनी पोकलेनला तेवढे पुष्कळ झाले.

मात्र एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी काट्यावर अडकू शकते, आणि ही बाब विक्रेते सहसा बोलत नाहीत. उदाहरणादाखल असे समजा, की किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पोलादी खुंटीपासून) मागच्या तीन ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ९ मीटर आहे आणि पोकलेन अशा रीतीने उभे केले आहे, की त्याचा गुरुत्वमध्य त्या मध्याच्या ३.५ मीटर पुढे येतो. तेव्हा २१ टनांपैकी सुमारे ८.२ टन किंगपिनवर येतात. ट्रेलरच्या स्वतःच्या वजनाचे ३ टन त्यात मिळवले की ११.२ टन झाले. घोड्यावरची टर्न टेबल, म्हणजे किंगपिन जिच्यात अडकते ती तबकडी, मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे बसवलेली असते, म्हणून या भाराचा सुमारे सहावा हिस्सा पुढच्या ॲक्सलकडे जातो आणि बाकीचा मागच्या ॲक्सलवर पडतो. घोड्याच्या मागच्या ॲक्सलवर त्याचे स्वतःचे अडीच टन धरले, तर तिथे सुमारे ११.८ टन होतात, म्हणजे मर्यादेपेक्षा तीनशे किलो अधिक. त्याच वेळी ट्रेलरच्या ॲक्सलवर जेमतेम वीस टन असतात आणि संपूर्ण गाडी ३८ टनांचीच असते. आता तेच यंत्र एक मीटर मागे घेतले, तर घोड्याच्या मागच्या ॲक्सलवर ९.९ टन राहतात आणि ट्रेलरवर २२.२ टन येतात. दोन्हीकडे मोकळीक राहते. म्हणून ट्रेलर निवडताना पहिली मागणी अशी करावी, की माझे यंत्र प्लॅटफॉर्मवर नेमके कुठे उभे राहील ते दाखवणारा आराखडा आणि त्या जागी प्रत्येक ॲक्सलवर येणाऱ्या भाराचा तक्ता लेखी द्यावा. जो बॉडी बिल्डर, म्हणजे ट्रेलर बांधून देणारा कारखानदार, हा तक्ता देऊ शकत नाही, त्याच्याकडे किमतीची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

यंत्र फार मागे घेण्यातही धोका आहे. किंगपिनवरचा भार कमी झाला की घोड्याच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ओल्या घाटात चढावर ती जागच्या जागी फिरू लागतात. कुंभार्ली घाटात जुलै महिन्यात हे पाहायला मिळते.

आता तीन प्रकारांविषयी. सपाट प्लॅटफॉर्मची उंची जमिनीपासून सुमारे दीड मीटर असते. २० टनी वर्गातले पोकलेन वाहतुकीसाठी घडी केल्यावर सुमारे ३ मीटर उंच आणि चेनच्या, म्हणजे ते ज्या पोलादी पट्ट्यांवर चालते त्यांच्या, बाहेरच्या कडा धरल्यास २.८ ते ३ मीटर रुंद भरते. म्हणजे सपाट प्लॅटफॉर्मवर एकूण उंची साडेचार मीटर झाली. मालवाहू वाहनासाठी सर्वसाधारण मर्यादा ४ मीटरची आहे. शिवाय गावातल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबली, झाडांच्या फांद्या आणि रेल्वे फाटकाजवळची उंचीची कमान यांच्याशी प्रत्येक फेरीत सामना करावा लागतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलण्याचा धोकाही वाढतो. सपाट प्लॅटफॉर्म लोखंडी सळया, पाइप, सेंटरिंगचे साहित्य आणि फार तर आपला रोलर यांच्यासाठी चांगला आहे. पोकलेनसाठी तो नाइलाजाचा पर्याय समजावा.

लो-बेडमध्ये मधला भाग जमिनीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटरपर्यंत खाली आणलेला असतो. पोकलेनसह उंची ४ मीटरच्या आसपास राहते आणि यंत्र चढवणेही सोपे जाते. पण त्याच्या पोटाखाली जागा थोडी असते. घाटातल्या उंचवट्यावर, गतिरोधकावर आणि विशेषतः डांबरी रस्ता सोडून कामाच्या कच्च्या वाटेला उतरताना तो मधोमध टेकतो. एकदा टेकलेला ट्रेलर मागेपुढे ओढून काढताना मुख्य तुळईच्या खालच्या पट्टीला खोल ओरखडे पडतात आणि कालांतराने तिथूनच तडा सुरू होतो.

आपल्या मार्गाचा विचार करता आम्ही सेमी लो-बेड सुचवू. त्याच्या प्लॅटफॉर्मची उंची १.१ ते १.२ मीटर असते. एकूण उंची ४ मीटरच्या किंचित वर जाईल, हे खरे. पण आपल्या पोकलेनची रुंदीच २.६ मीटरच्या मर्यादेबाहेर असल्याने मर्यादेबाहेरच्या मापाच्या मालाची परवानगी आपल्याला तशीही घ्यावीच लागणार आहे. त्याच अर्जात उंचीचीही नोंद करता येते. मग कागदावरच्या दहा-वीस सेंटिमीटरसाठी पोटाखालची जागा गमावण्यात शहाणपण नाही. कराड ते चिपळूण हा रस्ता गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी ही परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून घ्यावी लागते. महामार्ग सोडून आत जाणाऱ्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि आरटीओत आधी चौकशी करावी. परवानगीशिवाय माल बाजूला, वर किंवा मागे मर्यादेबाहेर गेलेला आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आहे. वजन मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार रुपये द्यावे लागतात, शिवाय जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. किंगपिन आणि मागची चाके यांच्यातले अंतर जितके जास्त, तितकी वळणावर मागची चाके आतल्या बाजूला कापतात. म्हणून गरजेपेक्षा लांब ट्रेलर घेऊ नये. दुसरी गोष्ट मागच्या रॅम्पची. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिका रॅम्पचा चढ १५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. १.१ मीटर उंचीच्या प्लॅटफॉर्मला त्यासाठी सव्वाचार मीटरच्या आसपास लांबीचा रॅम्प लागतो. इतक्या लांबीचा रॅम्प हाताने उचलता येत नाही. तो हायड्रॉलिकच घ्यावा. मातीच्या धक्क्यावरून यंत्र चढवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण रात्री आठ वाजता धक्का कुठे शोधणार?

प्रश्न : दोन बॉडी बिल्डरांची दरपत्रके हाती आहेत. एकाची तुळई साध्या पोलादाची, जाड प्लेटची असून ट्रेलरचे वजन साडेबारा टन आहे. दुसऱ्याची हाय टेन्साइल पोलादाची, पातळ प्लेटची असून वजन साडेनऊ टन आहे आणि किंमत अधिक आहे. आमच्याकडे खाणीतली यंत्रे असतात, त्यात २५ टनांचा एक डोझर आहे. जाड प्लेटचा ट्रेलर अधिक टिकाऊ नसेल का? (एक वाहतूकदार, चंद्रपूर)

उत्तर : आधी वजनाचा हिशेब करू. सहा चाकी घोड्याच्या ४५.५ टनांतून घोड्याचे ७ टन आणि ट्रेलरचे साडेबारा टन वजा केले की २६ टन उरतात. आपला २५ टनी डोझर त्यात बसतो असे वाटते. पण डोझरच्या मागचा रिपर (जमीन फोडणारा दाता), टाकीतले डिझेल, बांधणीच्या साखळ्या, लाकडी ठोकळे आणि चेनमध्ये अडकून वाळलेली काळी माती यांचे वजन धरले, की हा एक टन कधी संपला ते कळत नाही. साडेनऊ टनांच्या ट्रेलरवर २९ टनांची मुभा मिळते. ट्रेलरच्या स्वतःच्या वजनातला प्रत्येक टन आपण प्रत्येक फेरीत, रिकाम्या फेरीतसुद्धा, डिझेल जाळून ओढत असतो, हेही लक्षात घ्यावे.

टिकाऊपणाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. आयएस २०६२ या भारतीय मानकात ई २५० म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन ताणापर्यंत कायमचे न वाकणारे पोलाद. ई ३५० आणि ई ४५० या प्रतींत हा आकडा त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे तोच भार पेलण्यासाठी पातळ प्लेट चालते. परंतु पोलादाची ताठरता सर्व प्रतींत जवळपास सारखीच असते. प्लेट पातळ केली आणि तुळईची खोली तशीच ठेवली, तर ती तुटणार नाही, पण जास्त लवेल. जास्त लवणाऱ्या ट्रेलरवर प्लॅटफॉर्मच्या पट्ट्या सैल होतात, आडव्या तुळयांचे सांधे सतत हलत राहतात आणि ब्रेकचे पाइप घासतात. चांगला बॉडी बिल्डर पोलादाची प्रत वाढवतो तेव्हा तुळईची खोलीही वाढवतो. वरखालच्या पट्ट्या तशाच ठेवून उभ्या प्लेटची खोली ४०० मिलिमीटरवरून ५०० मिलिमीटर केली, तर ताकद सुमारे पाव पटीने आणि ताठरता मूळच्या दीड पटीहून थोडी अधिक होते. वजन मात्र त्या मानाने फारच थोडे वाढते. म्हणून दोन्ही दरपत्रकांत केवळ प्लेटची जाडी न पाहता तुळईची खोली विचारावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेल्डिंग. ट्रेलर एका मोठ्या भाराने सहसा मोडत नाही. लाखो लहान धक्क्यांनी वेल्डिंगच्या कडेला केसाइतकी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. पोलादाची प्रत वाढवली म्हणून वेल्डिंगच्या कडेची ही सहनशक्ती वाढत नाही. म्हणजेच महाग पोलाद घेऊन निष्काळजी वेल्डिंग केलेला ट्रेलर साध्या पोलादाच्या ट्रेलरपेक्षा लवकर तडकू शकतो, कारण त्यातला ताण मुळातच अधिक असतो. आपण कारखान्यात जाल तेव्हा मान, म्हणजे जिथे खोल तुळई उथळ होऊन टर्न टेबलवर चढते, तो भाग नीट पाहावा. तिथली खालची पट्टी एकदम कोनात वळवलेली असेल, किंवा तिथेच दोन प्लेट आडव्या जोडल्या असतील, तर तो ट्रेलर घेऊ नये. उतार सावकाश घेतलेला असावा आणि जोड असलाच तर तो वळणापासून दूर असावा. मुख्य तुळईचे लांब सांधे यंत्राने, एकसलग भरलेले असावेत. हाताने भरलेल्या सांध्यात दर हातभर अंतरावर थांबून पुन्हा सुरू केल्याच्या खुणा दिसतात, आणि चीर बहुधा अशाच एखाद्या खुणेपाशी सुरू होते. खालच्या पट्टीला स्टेपनीचा स्टँड, टूलबॉक्स किंवा पाइपाची क्लिप वेल्ड केलेली दिसली, तर कारागिरांना भार कसा वाहतो हे समजलेले नाही असे खुशाल समजावे. अशा वस्तू उभ्या प्लेटच्या मधल्या भागात, बोल्टने लावायच्या असतात.

आडव्या तुळया मुख्य तुळईच्या उभ्या प्लेटमधून आरपार गेल्या आहेत की नुसत्या वरच्या पट्टीवर ठेवल्या आहेत, हेही पाहावे. आरपार गेलेल्या असतील तर प्लॅटफॉर्मची उंची कमी राहते आणि डोझरची चेन कडेला आली तरी मुख्य तुळई पिळवटत नाही. खाणीच्या कामासाठी आम्ही अशीच रचना पसंत करू.

ॲक्सलच्या बाबतीत नामांकित कंपनीचा, १३ टन क्षमतेचा ॲक्सल घ्यावा. तीन ॲक्सलवर मिळून कायद्याने २७ टनच चालतात, मग १३ टनी ॲक्सल कशाला, असे वाटेल. पण खाणीच्या रस्त्यावर एखादे चाक खड्ड्यात जाते तेव्हा बाजूच्या ॲक्सलवर क्षणभर दुप्पट भार येतो. पाटे, इक्वलायझर आणि टॉर्क रॉडचे बुश हे सस्पेन्शनचे भाग आपल्या शहरात मिळतात की नागपूरहून मागवावे लागतात, हे आधी विचारून घ्यावे. एअर सस्पेन्शन चांगले असले तरी कोळशाच्या धुळीत आणि दगडांत त्याच्या रबरी फुग्यांची निगा राखणे कठीण जाते. आपल्यासाठी पाटेच बरे.

तात्पर्याने विचाराल तर दुसऱ्या दरपत्रकाकडे आमचा कल आहे. पण तुळईची खोली, मानेची रचना आणि ट्रेलरसाठीच्या एआयएस ११३ या वाहन मानकानुसार मंजुरीचे प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी लेखी मिळाल्या तरच. त्या मिळाल्या नाहीत, तर जड ट्रेलर घेऊन दहा चाकी घोडा जोडणे बरे.

प्रश्न : ठिबकच्या पाइपलाइनसाठी चर खणायला साडेतीन टनांचे छोटे पोकलेन घेतले आहे. शेतातल्या ट्रॅक्टर ट्रॉलीतून ते भाड्याने गावोगाव न्यावे का? (एक शेतकरी, जालना)

उत्तर : नेऊ नये. शेतीची ट्रॉली शेतीच्या कामासाठी नोंदलेली असते आणि भाड्याच्या कामावर यंत्र वाहणे हा त्या नोंदणीच्या बाहेरचा वापर आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीला तेवढे कारण पुरते. शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, तेव्हा उतारावर साडेतीन टनांचे यंत्र आणि ट्रॉलीचे वजन हे सारे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रोखायचे असते. ऊस किंवा कडबा ट्रॉलीभर पसरलेला असतो. पोकलेनचे वजन एका जागी एकवटलेले आणि उंच असते, म्हणून बांधावरून तिरपे जाताना ट्रॉली उलटण्याची शक्यता पुष्कळ अधिक. साडेसात टन एकूण वजनाच्या वर्गातला एखादा हलका ट्रक घ्यावा आणि त्याच्या मागे रॅम्प बसवून घ्यावेत. अशा ट्रकवर साधारण चार टनांपर्यंत माल चालतो. रॅम्पचे वजन त्यातूनच वजा होते, म्हणून नोंदणी पुस्तकातला आकडा पाहूनच गाडी निवडावी.

प्रश्न : सात वर्षे वापरलेला तीन ॲक्सलचा लो-बेड रत्नागिरीत विक्रीला आहे. नुकताच रंगवलेला असून दिसायला उत्तम आहे. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी आहे. काय तपासावे? (एक यंत्रमालक, लांजा)

उत्तर : नुकताच दिलेला रंग हीच पहिली शंका आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत चाललेल्या ट्रेलरचा गंज बाहेरच्या पृष्ठभागावर कमी आणि दोन प्लेट एकमेकींना टेकतात त्या फटींत अधिक असतो. तिथे गंज फुगतो आणि प्लेट एकमेकींपासून दूर ढकलतो. रंगाखाली सरळ रेषेत उंचवटा दिसला, तर तिथे हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द येतो. बंद पेटीसारख्या तुळयांना खालच्या बाजूला पाणी निघायची छिद्रे आहेत का आणि ती रंगाने बुजलेली नाहीत ना, हे पाहावे. प्लॅटफॉर्मवर लाकडी फळ्या असतील तर दोन-तीन फळ्या उचलायला लावाव्यात. ऐन किंवा साल यांसारखे जड लाकूड पुष्कळ वर्षे टिकते, पण त्याखाली ओल धरून राहिलेल्या आडव्या तुळयांच्या वरच्या पट्ट्या अनेकदा कागदासारख्या झालेल्या असतात.

त्यानंतर मान तपासावी. यासाठी वेल्डिंगच्या दुकानात तीन स्प्रेचा एक संच मिळतो. पहिल्या स्प्रेने भाग स्वच्छ करायचा, दुसऱ्याने लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग वरचा रंग पुसून तिसऱ्याने पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर बारीक रेघेसारखा उमटतो. त्यासाठी मानेच्या वळणावरचा ऑइल पेंट खरवडावा लागेल. विक्रेता त्याला नाही म्हणाला, तर आपणही सौद्याला नाही म्हणावे. मानेवर बाहेरून जाड प्लेट ठिगळासारखी मारलेली असेल, तर खाली चीर होती हे गृहीत धरावे. अशा ठिगळाच्या दोन्ही टोकांना नवी चीर पडते.

किंगपिन कॅलिपरने मोजावी. दोन इंची किंगपिनचा तिच्या अरुंद भागापाशी नवा व्यास ५०.८ मिलिमीटर असतो. तो ४९ मिलिमीटरपर्यंत उतरला असेल तर किंगपिन बदलण्याचा खर्च किमतीतून कापून घ्यावा. किंगपिनच्या मध्यापासून पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपने अंतर मोजावे. दोन्हींत तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक असेल, तर ॲक्सल तिरका बसला आहे किंवा चौकट वाकली आहे. याची दुसरी खूण टायरवर दिसते. एकाच बाजूचे टायर पिसासारखे झिजलेले असतात. विक्रीपूर्वी टायर बदललेले असू शकतात, म्हणून स्टेपनीही पाहावी.

कागदपत्रांत एक बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ट्रेलरला स्वतःचे वेगळे नोंदणीपत्र असते. त्यावरचा चॅसिस क्रमांक आणि तुळईवर ठोकलेला क्रमांक स्वतः वाचून ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा नमुना ३५, हस्तांतरणासाठी नमुने २९ आणि ३०, आणि ट्रेलर दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असल्यास नमुना २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. म्हणजे आपण घेतल्यावर लवकरच दरवर्षी पासिंगचा खर्च सुरू होईल. विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे ना, तेही पाहावे. हे सारे ठीक निघाले तर सात वर्षांचा ट्रेलर घ्यायला हरकत नाही. नंतर तो वाळूच्या माऱ्याने उघडा करून जस्तयुक्त प्रायमर आणि वर चांगला रंग द्यावा. गंजावरच रंग देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

प्रश्न : ट्रेलर चांगला आहे, पण समृद्धी महामार्गावर अचानक ब्रेक लावावा लागला तेव्हा पोकलेन हातभर पुढे सरकले. बांधणी नायलॉनच्या पट्ट्यांची होती. प्लॅटफॉर्म चेकर्ड प्लेटचा (उठावदार नक्षीच्या पोलादी पत्र्याचा) आहे. दोष ट्रेलरचा की बांधणीचा? (एक वाहतूकदार, नाशिक)

उत्तर : दोन्हींचा, पण बांधणीचा अधिक. जोरात ब्रेक लागतो तेव्हा मालाला पुढे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो असे धरून बांधणी करावी. बाजूला आणि मागे तो वजनाच्या निम्मा धरतात. २१ टनी पोकलेनसाठी पुढचा जोर सुमारे १७ टन झाला. पोलादी चेन आणि पोलादी प्लेट यांच्यातले घर्षण मुळात कमी असते, त्यात पाणी, ग्रीस किंवा चिखल असेल तर ते नगण्य होते. लाकडी फळ्यांवर किंवा जाड रबरी मॅटवर ते पुष्कळ वाढते आणि साखळ्यांवरचा भार तितका हलका होतो. म्हणून आपल्या चेकर्ड प्लेटवर चेनच्या दोन्ही पट्ट्यांखाली रबरी मॅट कायम अंथरावी.

नायलॉनच्या पट्ट्या पोकलेनसाठी नाहीत. चेनच्या धारदार कडेवर त्या कापल्या जातात आणि ताण आला की लांबतात. ग्रेड ८० च्या, म्हणजे उच्च ताकदीच्या पोलादाच्या साखळ्या वापराव्यात. बांधणीसाठी १० मिलिमीटर साखळी सुमारे ६.३ टनांची आणि १३ मिलिमीटरची सुमारे १० टनांची धरतात. परंतु साखळी तिरपी लावल्यामुळे त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपासच भाग पुढच्या दिशेला उपयोगी पडतो. रबरी मॅटचे घर्षणही धरले, तर या हिशेबाने २१ टनी यंत्राला १३ मिलिमीटरच्या चार साखळ्या लागतात. त्यांपैकी दोन यंत्र पुढे जाऊ न देणाऱ्या आणि दोन मागे जाऊ न देणाऱ्या असाव्यात, आणि प्रत्येकीला ती ताणणारा वेगळा टर्नबकल किंवा बाइंडर असावा. एकच लांब साखळी दोन्ही बाजूंना फिरवून घेतली आणि एक जागा सुटली, तर सारेच सुटते.

साखळी यंत्रावर उत्पादकाने खूण केलेल्या कड्यांतच अडकवावी; पायरी, हँडरेल किंवा बूमचा सिलिंडर यांना कधीही नाही. दुसरे टोक ट्रेलरच्या ज्या कड्यात अडकवतो ते कडे कडेच्या पातळ पट्टीला वेल्ड केलेले आहे की आडव्या तुळईला धरून आहे, हे खाली वाकून पाहावे. आपल्या ट्रेलरचा दोष असलाच तर तो बहुधा इथे सापडेल. यंत्राचा वरचा भाग फिरू न देणारा स्विंग लॉक लावावा, बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवावी, चेनच्या पुढे आडवा ठोकळा देऊन तो ट्रेलरला पक्का करावा आणि निघाल्यानंतर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्यात, कारण मॅट आणि लाकूड दबल्याने पहिल्या टप्प्यातच त्या सैल पडतात. समृद्धी महामार्गावर मनाला येईल तिथे थांबता येत नाही. म्हणून ही तपासणी महामार्गावर चढण्यापूर्वी, टोलनाक्याच्या अलीकडेच उरकून घ्यावी.